झाड आपलं, परवानगी महापालिकेची

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आवारातील वृक्षसंपदा : कायदा आणि कर्तव्य' असं भारदस्त शीर्षक छापलं आहे. ते वाचून कुणाची गैरसमजूत व्हायला नको, म्हणून आधीच सांगतो. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि पस्तीस वर्षं बँकेत काढली. मात्र बँकेने एक सवय लावली, ती म्हणजे परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. कर्जाच्या फाईलमध्ये जशी बारीक अक्षरातली अट महत्त्वाची असते, तसंच झाडांच्या कायद्याचंही आहे. तो मी गेल्या काही महिन्यांत त्याच सवयीने वाचला, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन उद्यान विभागात दोन-तीनदा बसलो, आणि जे कळलं ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

हा विषय आजच का, हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वेकडच्या कंपाउंड वॉललगतची नऊ झाडं काढून तिथे गाड्यांसाठी जागा करावी, असा प्रस्ताव काही सभासदांनी दिला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे तो विषय लवकरच मताला येईल. प्रस्ताव देणाऱ्यांची अडचण खोटी नाही. 2000 साली आपली संस्था नोंदणीकृत झाली तेव्हा अख्ख्या आवारात मिळून सात चारचाकी होत्या. आज एकेका घरात दोन आहेत. रात्री साडेदहाला कामावरून येणाऱ्या मुलाला गाडी चौकापलीकडे लावून चालत यावं लागतं. त्याला 'झाडे लावा, झाडे जगवा' ऐकवणं सोपं आहे, पण ते उत्तर नव्हे. म्हणून मी आज भावनेने कमी आणि हिशेबाने जास्त बोलणार आहे.

पहिला प्रश्न : झाड कोणाचं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असा की, आवार आपलं, झाड आपण लावलं, पाणी आपण घातलं, मग तोडायला महापालिकेला कशाला विचारायचं? पण कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी 1975 साली झाडांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, हे त्याचं आजचं नाव. या कायद्याने प्रत्येक महापालिकेत आणि नगरपरिषदेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतो. जमीन खासगी असो वा सरकारी, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. म्हणजे फ्लॅट आपल्या नावावर असला तरी तारण ठेवल्यावर बँकेला न विचारता विकता येत नाही ना, तसंच हे. मालकी आपली, पण त्यावर शहराचा बोजा आहे.

दुसरी बारीक अक्षरातली ओळ याहून महत्त्वाची. 'झाड तोडणे' या शब्दाची व्याख्या या कायद्यात फक्त कुऱ्हाड चालवण्यापुरती नाही. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सगळं त्यात येतं. बुंध्याशी कचरा पेटवणं, मुळाशी अॅसिड ओतणं, साल सोलून झाड हळूहळू वाळवणं, हे 'आपोआप मेलं हो' म्हणून खपवता येत नाही. या रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईसाठी इलेक्ट्रिशियन खिळे घेऊन बकुळीकडे निघाला होता, त्याला वॉचमनने थांबवलं. मी त्या वॉचमनचं जाहीर कौतुक करतो. रोषणाई गच्चीवरून सोडली, आणि ती जास्तच चांगली दिसली!

परवानगीची पद्धत अशी आहे. संस्थेने वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. कोणतं झाड, कुठे आहे, का काढायचं, ते लिहायचं. सोबत फोटो, नकाशा आणि सभेचा ठराव जोडायचा. अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात. मग झाडावर नोटीस लावली जाते आणि वर्तमानपत्रातही जाहीर सूचना येते. कुणाही नागरिकाला हरकत घेता येते. आपल्या सभेत ठराव बहुमताने झाला तरी शेजारच्या सोसायटीतले आजोबा हरकत घेऊ शकतात आणि त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. मात्र झाड वाळलेलं असेल, रोगट असेल, वाऱ्याने पडलेलं असेल किंवा जीविताला, मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी अडवू नये हीच कायद्याची भूमिका आहे. तेव्हा 'कायदा माणसापेक्षा झाडाला मोठं मानतो' ही तक्रार बरोबर नाही.

आता हिशेब

2021 साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याशी थेट संबंधित आहेत.

एक : विनापरवानगी तोडलेल्या झाडामागे 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड एका झाडाचा आहे, सगळ्या झाडांचा मिळून नाही.

दोन : परवानगी घेऊन झाड तोडलं तरी त्याच्या बदली झाडं लावावी लागतात, आणि किती? तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी. वय झाडाची जात आणि बुंध्याचा घेर पाहून ठरवतात. लावायची रोपं वीतभर नकोत, सहा ते आठ फूट उंचीची हवीत. त्यांची नोंद ठेवून सात वर्षं निगा राखायची. बहुतेक महापालिका त्यासाठी अनामत रक्कमही भरून घेतात.

आपली नऊ झाडं आपण पहिल्याच पावसाळ्यात लावली. म्हणजे प्रत्येकाचं वय 25. नऊ गुणिले पंचवीस, म्हणजे 225 झाडं! आपला भूखंड पाऊण एकराचा. त्यात तीन इमारती, रस्ता, पाण्याची टाकी, ड्रेनेजच्या लाइनी. उरलेल्या जागेत 225 झाडं लावायची म्हटलं तर जिन्यात कुंड्या ठेवाव्या लागतील. बाहेर कुठे लावायची परवानगी मिळाली, तर तिथे सात वर्षं टँकर आणि माळी कोण पाठवणार? आणि हे सगळं किती गाड्यांसाठी? टेप घेऊन मी आणि माळीमामांनी त्या पट्ट्याचं माप घेतलं. गेटचं वळण सोडून तिथे सहा गाड्या बसतात. सहा गाड्यांसाठी 225 झाडांचं सात वर्षांचं कर्ज. मी कर्ज मंजूर करणारा अधिकारी होतो. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर तो मी परत पाठवला असता.

तीन : पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला आता 'वारसा वृक्ष' असा वेगळा दर्जा आहे. म्हणजे बघा, आपली संस्था सुवर्णमहोत्सव साजरा करील तेव्हा ही नऊ झाडं कायद्याने वारसा ठरतील. आज ती बरोबर अर्ध्या वाटेवर आहेत. आम्ही तेव्हा बहुधा नसू. पण समोर बसलेली ही शाळकरी मुलं तेव्हा चाळिशीत असतील, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मग गाड्या कुठे लावायच्या? वॉचमनच्या मदतीने एक यादी केली आहे, ती कार्यालयात ठेवली आहे. आवारात अकरा दुचाकी आणि दोन चारचाकी अशा आहेत की ज्यांच्या टायरमध्ये वर्षानुवर्षं हवा नाही. काहींचे मालक फ्लॅट विकून गेले. बँकेत अशा खात्यांना आम्ही 'निष्क्रिय' म्हणत असू. नोटीस पाठवून ती मार्गी लावायचो. रीतसर नोटीस देऊन ही वाहनं हलवली आणि पट्टे नव्याने, तिरके न आखता सरळ आखले, तर पाच गाड्यांची जागा आजच निघते. सहा आणि पाच यांत फरक एका गाडीचा. तेवढ्यासाठी नऊ झाडं?

कंपाउंडच्या बाहेरचा पट्टा

आता भिंतीच्या पलीकडे जाऊ. गेटसमोरच्या फुटपाथवर, कडेला, झाडांसाठी जी अरुंद पट्टी सोडलेली असते ती कोणाची? ती महापालिकेची. तिथली तीन करंजाची झाडंही महापालिकेची. आपण त्यांना पाणी घालू शकतो, घालावंच; पण त्यांच्या फांद्या परस्पर तोडू शकत नाही, आणि त्यांच्याभोवती जाळी मारून फुटपाथ आपल्या बागेत ओढून घेऊ शकत नाही. अनेक सोसायट्यांनी शोभेची झुडपं लावून, साखळ्या बांधून फुटपाथ असा गिळला आहे की चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं. हेतू हिरवा असला तरी ते अतिक्रमणच.

फुटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी आणि 2.2 मीटर उंची मोकळी हवी, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे समोरासमोरून दोन व्हीलचेअर जाऊ शकतील एवढी रुंदी, आणि उंच माणसाच्या डोक्याला फांदी लागणार नाही एवढी उंची. झाडं, दिव्याचे खांब, बाकडी ही सगळी या मोकळ्या वाटेच्या बाहेर, रस्त्याकडच्या पट्टीत यायला हवीत. पुणे महापालिकेने 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हाच विचार आहे. म्हणजे फुटपाथ की झाड, हे भांडणच मुळात खोटं. आखणी नीट असेल तर दोघांनाही जागा आहे.

मुलाकडे अमेरिकेत सिएटलला गेलो होतो तेव्हा तिथली पद्धत बघितली. पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीची मालकी शहराची, पण तिची निगा समोरच्या घरमालकाने राखायची. तिथे झाड लावायचं असेल तर आधी शहराच्या वाहतूक विभागाचं परमिट घ्यायचं. ते फुकट मिळतं. कुठली जात, तारांपासून किती लांब, कोपऱ्यावर वाहनचालकाची नजर अडेल का, हे तपासूनच परवानगी देतात. लोक त्या पट्टीत टोमॅटो, पालेभाजीही लावतात. तिकडचं सगळं उचलून इकडे आणावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे त्या पट्टीत पालक लावला तर सकाळी तो गाईने खाल्लेला असेल. पण 'जागा सगळ्यांची, काळजी समोरच्याची' हा विचार घेण्यासारखा आहे.

धोका आणि त्याची कारणं

आता ज्यांच्या मनात भीती आहे त्यांच्याशी बोलतो. गेल्या जुलैत रात्री गुलमोहराची मोठी फांदी पडली, दोन स्कूटरींचा चुराडा झाला. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. दूधवाला तिथे रोज पहाटे पाचला सायकल लावतो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. अग्निशमन दलाला 101 वर फोन केला, ते तासाभरात आले आणि वाट मोकळी करून गेले. स्कूटरींच्या नुकसानीबद्दल एक सांगून ठेवतो. ज्या सभासदाची सर्वसमावेशक पॉलिसी होती त्याला विम्याचे पैसे मिळाले. फक्त थर्ड पार्टी विमा होता त्याला काही मिळालं नाही. आपापले कागद आज घरी जाऊन बघा.

पण फांदी का पडली? गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत आणून टेकवलेले. पाणी आणि हवा मुळापर्यंत जाणार कशी? नंतर केबलच्या खोदाईत एका बाजूची मुळं तुटली. वर छाटणीवाल्याने इमारतीकडची बाजू पूर्ण सोलली, त्यामुळे सगळा भार रस्त्याकडे गेला. झाड पडायला वारा निमित्त होता. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर अंतरातलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्याला आदेशाची वाट कशाला हवी? प्रत्येक बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉकची दोन-तीन ओळी उचलून माती मोकळी करायची. दोन मजुरांचं चार दिवसांचं काम आहे. पावसाचं पाणी मुरेल, तो फायदा वेगळा.

ए विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंची तक्रारही रास्त आहे. त्यांच्या खिडकीत दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, भिंतीला ओल येते. झाडाचं प्रेम तिसऱ्या मजल्यावरून करणं सोपं असतं! त्यांच्यासाठी उपाय छाटणीचा. छाटणीलाही परवानगी लागते, ती पावसाळ्याआधी वेळेत मागावी, आणि छाटणी म्हणजे मुंडण नव्हे हे ठेकेदाराला लिहून द्यावं. दाट फांद्या विरळ करायच्या, दोन्ही बाजूंचा तोल राखायचा, शेंडा उडवायचा नाही. तरीही उजेड येत नसेल तर त्या एका झाडासाठी वेगळा अर्ज करायला माझी हरकत नाही. नऊ झाडांचा एकच निर्णय घ्यायचा, हेच मला पटत नाही.

नवीन लावताना

नवीन झाड लावताना आधी वर बघायचं, तारा आहेत का. मग खाली बघायचं, पाइप आहेत का. आणि मग पंचवीस वर्षं पुढे बघायचं. वड, पिंपळ, उंबर ही पूज्य झाडं, पण त्यांची जागा मैदानात. भिंतीजवळ लावली तर दहा वर्षांत भिंतीचा निकाल लागतो. अरुंद जागेत कांचन, पारिजातक, सोनचाफा चालतात. थोडी ऐसपैस जागा असेल तर बहावा, बकुळ, ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यफूल; महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या तुऱ्यांनी डवरलेलं असतं. हल्ली सगळीकडे दिसणारा झटपट वाढणारा कोनोकार्पस मात्र टाळा. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. लवकर हिरवं दिसतं म्हणून लावलेलं झाड पुढे महाग पडतं.

आणखी एक मुद्दा, पुनर्विकासाचा. आज ना उद्या तो विषय येणारच. बांधकाम परवानगीच्या वेळी भूखंडावरची झाडं नकाशात दाखवावी लागतात आणि उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. उंच इमारत झाली की भोवती अग्निशमनाची गाडी फिरेल अशी 6 मीटरची जागा मोकळी लागते. कडेची झाडं नेमकी तिथेच येतात. त्या वेळी 'इथे झाडं नव्हतीच' असं कुणी म्हणू नये, यासाठी आजच पुरावा तयार असायला हवा. महापालिकेने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, असं कायद्यात आहे. आपणही आपली करू.

म्हणून चार सूचना मांडतो. त्या ठराव म्हणून सभेपुढे याव्यात, अशी विनंती आहे.

पहिली : खुर्च्या-टेबलांचं डेड स्टॉक रजिस्टर असतं तसं झाडांचं रजिस्टर करावं. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, लावल्याचं वर्ष, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर आणि फोटो. दर जूनमध्ये नोंद. हे काम संस्थेतल्या आठवी-नववीच्या मुलांना द्यावं. टेप मी देतो.

दुसरी : बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक याच महिन्यात काढावेत आणि पालापाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात कुजवायचा.

तिसरी : अंदाजपत्रकात छाटणी आणि निगराणीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम. मे महिन्यात धावाधाव नको.

चौथी : निष्क्रिय वाहनांना नोटीस देऊन पार्किंगची फेरआखणी करावी, आणि त्याचा परिणाम सहा महिने पाहूनच पूर्वेकडच्या झाडांचा विषय पुन्हा घ्यावा. तेव्हाही बहुमताने जो निर्णय होईल, तो मला मान्य असेल. फक्त तो हिशेब समोर ठेवून व्हावा.

ताबा मिळाला त्या पहिल्या पावसाळ्यात सगळ्या घरांतून वर्गणी काढून आपण ही रोपं आणली होती. तेव्हाच्या संस्थापक सभासदांपैकी सहा जण आज आपल्यात नाहीत. कार्यालयाच्या भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. त्या वर्गणीची पावती एकाच्या घरच्या फाईलमध्ये अजून जपून ठेवलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ठेवलेली ही ठेव आहे. रोज सावलीच्या रूपाने तिचं व्याज आपण घेतोच आहोत. मुदतपूर्व मोडायची असेल तर काय गमवावं लागेल, ते ठेवीदाराला आधी समजावून सांगणं हे बँकेतल्या माणसाचं काम. ते मी केलं. पुढचा निर्णय ठेवीदारांचा.